साडूंचं खरं वय

भीती या गोष्टीचा कुणी सातबारा काढला, तर मालकाच्या रकान्यात माझ्या साडूंचं नाव निघेल, आणि तेही सामाईक नाही, एकट्याचं. माणसं कशाला ना कशाला भितातच. कुणी कुत्र्याला, कुणी साहेबाला, बरेच जण बायकोला. साडूंनी असा भेदभाव कधी केला नाही. ते सगळ्यांना सारखेच भितात. नांदेडला एका सरकारी कचेरीत ते कारकून आहेत, अंगानं चांगले भरलेले, आणि मिश्या अशा की रस्त्यात अनोळखी माणूस आपोआप बाजूला सरतो. पण त्या मिश्यांच्या मागे जो गृहस्थ राहतो, तो कुकरची शिट्टी झाली तरी पाट सोडून उभा राहतो. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. बायको म्हणते, "आमच्या दाजींच्या मिश्या वाघाच्या आणि काळीज चिमणीचं." मी एवढंच म्हणेन की चिमणी निदान पंख्याखाली निवांत बसते. साडू पंख्याच्या बरोबर खाली कधीही बसत नाहीत. लग्नाच्या पंगतीत पान त्यांच्या वाट्याला पंख्याखाली आलं, तर ते पान उचलून हात दोन हात सरकवतात आणि मगच वरण मागतात.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते औशाजवळच्या आपल्या गावी होते. गावाचं फार नुकसान झालं नाही, पण साडू जे हादरले ते आजतागायत सावरलेले नाहीत. अजूनही ते फळीवर स्टीलचा पेला उपडा ठेवून त्यावर वाटी ठेवतात. धरणी हलली की वाटी पडेल, आवाज होईल आणि आपण बाहेर पळू, असा हिशोब. त्या वेळी आमच्याकडे घरोघरी हे करत. लोकांनी पुढे सोडून दिलं, साडूंनी नाही सोडलं. एकदा भर दुपारी ते झोपलेले असताना मांजरानं ती वाटी पाडली. साडू चादरीसकट रस्त्यावर आले आणि "निघा, निघा भायेर!" म्हणून असे ओरडले की निम्मी कॉलनी हातातलं टाकून रस्त्यात उभी राहिली. मांजर तेवढं खिडकीत बसून हा प्रकार शांतपणे बघत होतं. एसटीत बसले की त्यांना संकटकाळी बाहेर पडायच्या दाराजवळचीच जागा लागते, आणि बसल्या बसल्या ते दाराची मूठ ओढून बघतात. औशाच्या स्टँडवर एकदा ती मूठ खरंच हातात आली आणि दार उघडलं. कंडक्टर म्हणाला, "काका, उतरायचं असंल तर माणसावानी उतरा की!" साडूंना मात्र त्या दिवशी फार बरं वाटलं. दार उघडतं याची खात्री झाली.

एका गोष्टीला मात्र ते कधी भ्याले नाहीत, ती म्हणजे खाणं. सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला खायला बसले की कढई चुलीवरून उतरेपर्यंत दम नाही, आणि त्यावर जिलबी असेल तर साखर-बिखर हे शब्द त्यांच्या लेखी वाण्याच्या दुकानातले. पोट सुटत गेलं, रक्तात साखर सापडली, गोळी सुरू झाली. "गोळी घेऊन राहिलो ना, मग जिलबीची काय फिकीर?" असं ते म्हणत. सबंध जगाला भिणाऱ्या माणसाला एक विसाव्याची जागा असावी म्हणून आम्हीही कुणी बोललो नाही.

आणि गेल्या वर्षी कचेरीतल्या सगळ्यांची तपासणी झाली, पोटाची सोनोग्राफी निघाली, आणि साडूंच्या लिव्हरवर चरबी आहे असं कुणीतरी सांगितलं. मी लातूरला राहतो. भर सकाळी मला फोन. "साडू, माझं काही खरं न्हाई. लिव्हर म्हणून राहिले." मला वाटलं नेहमीचंच असेल. मी म्हटलं, चरबी आजकाल सगळ्यांनाच असते. पलीकडे साडूंनी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग अगदी हळू म्हणाले, "दादाबी असाच गेला." तेव्हा मात्र मलाही खुर्ची ओढून बसावं लागलं.

आमच्याकडे लिव्हर हा शब्द एकटा कधी येत नाही, मागून दारू येतेच. साडूंचे थोरले भाऊ गावी शेती बघत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या पोटात पाणी झालं, डोळे पिवळे पडले, आणि गावानं दवाखान्याच्या आधी निकाल दिला की हा चोरून पितो. दादा शपथेवर सांगत की मी थेंबाला शिवलो नाही. कुणी ऐकेना. साडू सुट्टी काढून गावी गेले आणि त्यांनी सख्ख्या मोठ्या भावाला खंडोबाचा बेलभंडारा उचलायला लावला. आमच्या भागात कोर्टातल्या शपथेपेक्षा ही शपथ जड. बेलभंडारा उचलून खोटं बोललेला माणूस उजळ माथ्यानं फिरत नाही. दादांनी मुकाट्यानं उचलला. तरीही साडूंच्या मनातली शंका फिटली नाही आणि त्यांनी कडब्याच्या गंजीत हात घालघालून बाटली शोधली. सापडली नाही. पुढे दादा गेले. तेव्हापासून साडू सणावारालाच गावी जात, दादांच्या बायकोच्या, म्हणजे वैनींच्या, लांबूनच पाया पडत आणि चहा व्हायच्या आत बस गाठत. सगळ्या भीतींमध्ये ही एक भीती त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती.

तर तपासणी नांदेडला करायची नाही असं ठरलं, कारण तिथे सगळे ओळखतात. म्हणून ते लातूरला माझ्याकडे आले. अख्खा औसा तालुका दुखलंखुपलं की लातूरलाच येतो, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. दवाखान्यांच्या त्या गल्लीत ते तोंडाला दस्ती बांधून, वर चष्मा लावून माझ्या आडून चालत होते. समोरून त्यांच्याच गावचा एक म्हातारा आला आणि दुरूनच म्हणाला, "काय साहेब, दाढ दुखून राहिली का?" साडूंनी होकारार्थी मान हलवली. मग त्या म्हाताऱ्यानं उभ्या उभ्या दाढेवरची तीन औषधं सांगितली आणि साडूंनी ती दस्तीआडून निमूट ऐकून घेतली. त्याआधीचा आठवडाभर त्यांनी रक्ताची तयारी चालवली होती. पहाटे कारल्याचा रस, दुपारी बीट, वर कुणी सांगितलं म्हणून पपईचा पाला. येताना एसटीत शेजारी प्यालेला माणूस बसला, तर वास अंगात जाऊन रक्तात उतरेल म्हणून ते अहमदपूरपासून लातूरपर्यंत उभे राहून आले.

डॉक्टर तरुण होता, आमच्याच भागातला, बोलायला मोकळा. साडूंनी आत गेल्या गेल्या पहिला प्रश्न टाकला, "सुई कुठं टोचणार?" कचेरीतल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की बरगडीतून लांब सुई घालून लिव्हरचा तुकडा काढतात. डॉक्टर म्हणाला, "दंडाला, काका. नेहमीसारखी."

"पोटाला न्हाई?"

"न्हाई. पूर्वी तुकडा काढल्याबिगर कळत नव्हतं. अजून बी एखाद्याला लागतो. पण आधी साध्या रक्तावरूनच अंदाज घेतो आम्ही."

मग त्यानं नीट समजावून सांगितलं. लिव्हरला वर्षानुवर्षं इजा होत राहिली, मग ती दारूची असो, काविळीची असो नाहीतर साखर-चरबीची, की ते आतून निबर होत जातं. कोवळी भेंडी झाडावर राहिली की होते तसं. दुखत नाही, खुपत नाही, आणि कळतं तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. पण ते निबर व्हायला लागलं की रक्तातल्या काही गोष्टी वरखाली होतात. त्या मोजायच्या, त्यांचा एक हिशोब मांडायचा आणि एक आकडा काढायचा. आकडा लहान आला तर घोर नाही, मोठा आला तर पुढं बघायचं. मला हे ऐकून हायसं वाटलं. साडूंचं लक्ष मात्र भलत्याच शब्दावर अडकलं होतं.

"साखर-चरबीनं बी होतं म्हणला का तुम्ही? न पिता?"

"होतं की. शुगर असली तर जास्तच होतं."

"माझ्या थोरल्या भावाला शुगर होती," साडू म्हणाले. "पोटात पाणी होऊन गेला. त्याचं असंच झालं असंल का?"

डॉक्टरनं जरा विचार केला. "आता ते कुणालाच सांगता यायचं न्हाई, काका. पण होऊ शकतं."

साडूंनी शर्टाची बाही वर सारली. रक्त काढताना त्यांनी दंडाकडे पाहिलंही नाही. जो माणूस साध्या टिटॅनसच्या सुईला दोघांना धरायला लावतो, त्याला सुई टोचली कधी आणि निघाली कधी याचा पत्ता नव्हता. ते बघून मी खरा घाबरलो. साडू आरडाओरड करत होते तोवर सगळं ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी आकडा आला तो बरोबर काठावर. ना अलीकडे, ना पलीकडे. डॉक्टर कागद बघत म्हणाला, "ह्या हिशोबात वय बी धरतात. जितकं वय जास्ती, तितका आकडा वर जातो." मग त्याची नजर जन्मतारखेवर गेली आणि तो हसला. "एक जून? हे गुरुजींनी लावलेलं दिसतंय." आमच्या भागात निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. पोरगं शाळेत घालायला नेलं की गुरुजी त्याच्या डोक्यावरून उजवा हात डाव्या कानाला लागतो का बघत आणि शाळा सुरू व्हायच्या सुमाराची एक तारीख लिहून टाकत. त्या तारखेवर आम्ही नोकरीला लागलो, त्याच तारखेच्या हिशोबानं निवृत्त होतो, आणि आमचे सगळ्यांचे वाढदिवस एकाच दिवशी येत असल्यामुळे कुणीच कुणाला पेढा देत नाही. आजवर त्यानं कुणाचं बिघडलं नव्हतं.

"खरं वय किती, काका?" डॉक्टरनं विचारलं. "काठावर हाय म्हणून इचारतो. आकडा पलीकडं गेला तर दुसरी तपासणी लागंल. अलीकडं राहिला तर वर्षानं बघू."

साडूंच्या तोंडावर दोन दिवसांत पहिल्यांदा तजेला आला. "गुरुजींनं वाढवलंच असंल! सगळ्यांचं वाढवलंय. लवकर शाळंत घ्यायचं म्हणून वाढवायचेच ते." बाहेर येऊन त्यांनी दस्तीसुद्धा बांधली नाही. वय दोन-तीन वर्षांनी कमी झालं की लिव्हर आपोआप सुधारणार, असं त्यांचं चाललं होतं. मी विचारलं, "पण खरं वय सांगणार कोण?" आईवडील गेलेले, दादा गेलेले. साडू चालता चालता थांबले. राहिल्या फक्त वैनी. साडूंचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, हा माणूस आता पोटात सुई घ्यायलासुद्धा तयार होईल, पण गावी जायचा नाही.

मी बळेच नेलं. औशापर्यंत एसटी, पुढे जीप. जीपमध्ये साडू मागच्या टोकाला बसले होते, पण दाराच्या कडीला त्यांनी हात लावला नाही. वाटेत दोनदा म्हणाले, "वैनी रानात गेल्या असतील, आपण उगं चाललो." भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण त्या दिवशी राक्षस पुढे होता आणि आम्ही आपल्या पायांनी त्याच्याकडे चाललो होतो.

वैनी ओसरीवर तुरीची डाळ पाखडत होत्या. "या," म्हणाल्या, उठून पाणी दिलं. साडूंनी तांब्या हातात धरला, प्यायले नाहीत. शेवटी मीच सांगितलं की डॉक्टरला यांचं खरं वय पाहिजे.

"काहून? नोकरीत काही झालं का?"

"नोकरीचं न्हाई, वैनी," साडू म्हणाले. "मला बी दादासारखं झालंय बहुतेक."

वैनींनी सूप खाली ठेवलं. "तुम्ही तर पीत न्हाईत."

"न्हाई."

"ते बी पीत नव्हते," वैनी म्हणाल्या.

साडूंच्या हातातला तांब्या कलला होता आणि पाणी धोतरासारख्या स्वच्छ पांढऱ्या पॅंटवर सांडत होतं, त्याची त्यांना शुद्ध नव्हती. "न पिता बी होतं म्हणून राहिले डॉक्टर. शुगरनं होतं. वैनी, मी दादाला भंडारा..."

"मी चुलीपशीच होते तवा," वैनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तुम्ही गंजीत हात घालून हुडकत होता ते बी बघितलं. मला लई राग आलता. हे म्हणले, हुडकू दे त्याला. लहानपणापसून भेकड हाय, माझ्यापायी भ्यायलंय. सापडली न्हाई म्हंजे झोप तरी लागंल त्याला."

साडू रडले. मिश्यांचा माणूस रडताना बघू नये, म्हणून मी अंगणातल्या शेळीकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळानं वैनींनीच विषय काढला. "वय कमी निघालं तर बरं असतंय का जास्ती?"

मी म्हणणार होतो की खरं असेल ते सांगा. साडू मात्र लहान पोरासारखं बोलून गेले, "कमी निघालं तर बरं, वैनी."

वैनींनी त्यांच्याकडे पाहिलं. माणूस काय मागतोय ते त्यांना पुरतं कळलं होतं, आणि ते देणं त्यांच्या हातात होतं. "कमी न्हाई," त्या म्हणाल्या. "जास्तीच हाय. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली मी लगीन होऊन आले. तवा तुम्ही माझा पदर धरून घरभर हिंडत होता, फडाफडा बोलत होता. कागदावर तुम्ही तवा पाळण्यात असाल. दुसऱ्यांच्या लेकरांचं गुरुजीनं वाढवलं, तुमचं कमी केलं. तुम्ही शाळंला लई भ्यायचे. गुरुजी दिसले की घरामागं लपायचे. दोन-तीन वर्सं अशीच गेली. मग ह्यांनी खांद्यावर बसवून नेलं तुम्हाला, तवर चांगले थोराड झालता. एवढा घोडा पहिलीत कसा बसवायचा म्हणून गुरुजीनं वय खाली आणलं."

साडू बोटांवर वर्षं मोजायला लागले.

"तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून कमी सांगितलं असतं, भावजी," वैनी म्हणाल्या. "पर ह्या घरात एक माणूस खरं सांगून गेला, ते कुणी मानलं न्हाई. आता मी सांगते ते माना."

"मानतो," साडू म्हणाले आणि तांब्यात उरलेलं पाणी प्यायले. त्या दिवशी इतक्या वर्षांनी ते त्या घरात जेवले. वैनींनी गूळ वाढला नाही आणि त्यांनी मागितला नाही.

खऱ्या वयानं हिशोब मांडला तर आकडा काठ ओलांडून पलीकडे गेला. डॉक्टर म्हणाला, "थोडक्यात गेलाय, पण गेलाय. बरं झालं इचारून आलात." रक्तातल्याच आणखी काही खुणा असतात, निबरपणाच्या जास्त जवळच्या, त्या बघायला रक्त मोठ्या शहरात पाठवावं लागलं. ते दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. साडू माझ्याकडेच राहिले होते. ते पेपर वाचायचे आणि पान उलटायचं विसरायचे. पंख्याच्या बरोबर खाली बसून राहायचे आणि मला त्यांना उठवायचं धाडस व्हायचं नाही. माझी बायको स्वयंपाकघरातून हळूच विचारायची, "दाजी बोलले का काही?" मी नाही म्हणायचो. त्यांच्या भीतीची आम्ही जन्मभर थट्टा केली, आणि आता तीच घरभर पसरली तर आम्हाला आमच्याच घरात श्वास पुरेना.

रिपोर्ट आला. निबरपणा सुरू झाला आहे, बराचसा झाला आहे, पण अजून मागे फिरता येईल असं डॉक्टर म्हणाला. खात्री मात्र त्यानं दिली नाही. पोट उतरवा, साखर ताब्यात ठेवा, चालत राहा, आणि दर काही महिन्यांनी रक्त देत राहा. रक्त सांगेल कुठवर आलं ते. साडूंनी सगळं निमूट ऐकलं आणि निघताना विचारलं, "दादाच्या वेळंला असं रक्त बघता आलं असतं का?" डॉक्टर म्हणाला, "आलं असतं, काका." मला त्या पोराचा राग आला. थोडं खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं, असं वाटलं. मग वैनींची आठवण झाली आणि मी गप्प बसलो.

आता साडू दर महिन्याला गावी जातात. मागच्या खेपेला मीही बरोबर होतो. गावच्या फाट्यावर जीपमधून उतरलो, हॉटेलात बिनसाखरेचा चहा सांगितला. बाकावर चार-पाच ओळखीची माणसं होती. त्यातल्या एकानं विचारलं, "काय साहेब, लई वाळले?" मला वाटलं आता दाढ दुखते असं काहीतरी येणार. साडू म्हणाले, "लिव्हरचं दुखणं हाय मला." मग त्या माणसानं शेजाऱ्याकडे बघून डोळा मिचकावला. "असं व्हय! न पिताच झालं म्हणा की."

साडूंचे कान लाल झाले. गावानं आपल्याला दारुड्या म्हणावं, याची तर या माणसाला मरणापेक्षा जास्त धास्ती. पण ते स्वतःबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. ते उभे राहिले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझा दादा पीत नव्हता."

कुणी हसलं नाही. कुणी हो म्हणालं असंही नाही. एक म्हातारा तेवढा जमिनीकडे बघत मान हलवत होता. आम्ही चहा संपवला आणि वैनींच्या घराकडे निघालो. साडू पुढे होते. पॅंट कमरेला सैल झाली आहे, ती एका हातानं वर ओढत ते चालत होते, आणि पाठीमागून ते मला एकदम म्हातारे दिसले, आपल्या खऱ्या वयाचे. पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त द्यायचं आहे. न वळताच त्यांनी विचारलं, "येणार ना तुम्ही?" मी येणार म्हणालो. मलाही फार भीती वाटते, हे मात्र त्यांना सांगितलं नाही.